रिठावरची चूल

"फोडायच्या आंधी एका शब्दानं विचारता नाही आलं तुले?"

केसरबाईनं पदर कमरेला खोचून लेकाला मागच्या अंगणातच गाठलं. दीपकच्या पायाशी तिच्या चुलीचे तुकडे पडले होते. गवंडी फरशीवरचा डाग पुसण्यात असा गुंगून गेला होता, की जणू तो या गावचाच नव्हे.

"माय, फरशी सारकी बसत नव्हती चुलीपाशी," दीपक म्हणाला. "अन् आता चूल कायले पाह्यजे? गॅस हाय. दोन-दोन टाक्या हायेत."

"गॅसवर भाकर होते का बे? गॅसवर पापड होते."

"आत्याबाई, मी म्हणलं होतं त्याइले, एकवार विचारून घ्या म्हणून," सून संजीवनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोलली. हे सांगायला ती चूल फुटेपर्यंत का थांबली होती, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

निंबाखाली बाजेवर पडलेले दीपकचे वडील माणिकराव उठले आणि चप्पल शोधू लागले. "चूल फुटली, आता डोस्कं फुटीन कोणाचं तरी. मी चाल्लो हरभऱ्यात."

"जेवून जा," केसरबाई म्हणाली.

"कायच्यावर केलं?"

केसरबाईनं वाकून चुलीचे तुकडे घमेल्यात भरायला घेतले.

कोंढाळ्यात दीपकचं घर मागल्या साली स्लॅबचं झालं. जानेफळच्या बाजाराला निघालेला माणूस जीपमधून मान वाकडी करून बघायचा, असा त्याचा पोपटी रंग. आत काळ्या दगडाचा ओटा, ओट्यावर गॅस आणि गॅससमोर संजीवनी. त्या ओट्यानं केसरबाईच्या हातातली एकेक गोष्ट अलगद काढून घेतली. भाजी गेली, वरण गेलं, चहा गेला. पापड-कुरडया चिखलीहून पाकिटातून येऊ लागल्या. वाकळ शिवायची सुई गंजून गेली, कारण दीपकनं मलकापूरहून गुबगुबीत ब्लँकेटं आणली. वाईट कोणी वागलं नाही. "तुम्ही बसा ना आत्याबाई," एवढंच म्हणत गेले. आणि बसून बसून बाईचे हात मांडीवर असे पडायचे, जसे कोणाचे तरी सांभाळायला घेतले आहेत.

राहिली होती ती भाकर. केसरबाईच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कडबा कुट्टीच्या यंत्रानं अर्धं खाल्लं होतं. त्यामुळे तिच्या भाकरीवर तीन बोटं पुरी आणि एक थोटं, असा ठसा उठायचा. सोंगणीच्या वावरात बायांनी शिदोऱ्या सोडल्या, भाकरी एकमेकींच्यात मिसळल्या, तरी केसरबाईची भाकर आंधळ्यानं चाचपून काढावी. ती भाकर गेली की त्या घरात तिच्या हाताचं म्हणून काही उरणार नव्हतं. हे दीपकला कळत नव्हतं, संजीवनीला कळत होतं, आणि माणिकरावांना फक्त भूक कळत होती.

म्हणून बाई दुसऱ्या दिवशी कुदळ-घमेलं घेऊन रिठावर गेली.

कोंढाळ्यापासून दोन वावरं ओलांडली की हिवरीचं रिठ लागतं. कधीकाळी तिथं हिवरी नावाचं नांदतं गाव होतं. कोणत्याशा साथीत ते झोपलं ते उठलंच नाही. भिंती पडल्या, पाण्यापावसानं विरघळल्या, आणि अख्ख्या गावाची पांढरी माती झाली. सारवायला, पोतारायला, चुली घालायला कोंढाळ्याच्या बाया तीच माती आणतात. नीट हिशेब केला तर कोंढाळ्यातलं निम्मं गाव हिवरीचंच आहे. पण हा हिशेब कोणी करत नाही, कारण त्याच भिंतींच्या आत झोपायचं असतं.

तिथून माती आणायचा एक नेम आहे. सासू सुनेला पहिल्या खेपेलाच सांगते. पडक्या भिंतीची माती घ्यावी. जिथं माती लालसर, भाजलेली दिसेल तिथं कुदळ लावू नये. ती कोणाच्या तरी चुलीची जागा. चुलीची माती चुलीला नेली की मालकीण मागून येते.

फाल्गुनातली भर दुपार होती. बांधावरचा पळस पेटल्यासारखा फुलला होता, पण रिठावर एक पाखरू बोलत नव्हतं. वारा वावरात होता, रिठाच्या कडेला येऊन थांबत होता. कडेची चांगली माती ट्रॅक्टरवाल्यांनी कधीच खरवडून नेली होती. उरली होती ती खडेच खडे. केसरबाई आत आत गेली. एका बोरीच्या झुडपामागं तिनं सहज कुदळ मारली, आणि माती पिठासारखी सुटली.

तिनं मूठभर उचलून चोळली. फिकट लाल. राख, भुसा, शेण, सगळं आधीच मुरलेलं. अशी माती करायची तर किती दिवस भिजवून तुडवत बसावं लागतं. केसरबाईला काही कळलं नाही असं कोणी म्हणू नये. सगळं कळलं. पण जिभेला पाणी सुटतं तसं हातालाही सुटतं, आणि या बाईच्या हातांना कितीतरी दिवसांचा उपास घडला होता.

"थोडकीच नेतो, माय," ती बोरीला म्हणाली. "तुले आता काय कामाची हाय?"

घमेलं शिगोशीग भरलं, आणि डोक्यावर घेतलं तर हलकं लागलं. भरलं घमेलं हलकं लागलं की बाईमाणसानं जागच्या जागी थांबून विचार करावा. दुसऱ्या बाजूनं कोणीतरी हात लावलेला असतो. केसरबाई थांबली नाही. मागं वळूनही तिनं पाहिलं नाही. झपाझप घरी आली.

चूल घालायला ती बसली तेव्हा तिचं वय उतरून गेलं. माती भिजवली, पायानं तुडवली, टाचेखाली लोण्यासारखी झाली. तळव्यानं थोपटत थोपटत तिनं दोन्ही भिंती उभ्या केल्या, बाजूला कालवण ठेवायला वैल काढलं, तवा टेकवायला तीन उंचवटे बसवले. मग पाण्याचा हात फिरवत राहिली. अंगठा जिथून फिरे तिथं माती वळे. कोणी "बसा" म्हणत नव्हतं, कोणी "ऱ्हाऊ द्या" म्हणत नव्हतं. संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत चिखल होता आणि बाई आपल्याशीच हसत होती.

चूल वाळली. एकसुद्धा चीर गेली नाही. नव्या चुलीला चीर जात नाही, असं कोंढाळ्यात आजवर घडलं नव्हतं. शेजारपाजारच्या बाया पाहून गेल्या आणि घरी जाऊन आपापल्या चुलीवर रागावल्या.

पहिली भाकर तव्यावरून जाळापाशी उभी केली मात्र, ती टम्म फुगली. पदर कागदासारखा सुटला. माणिकराव एका भाकरीवर थांबणारा माणूस, तो तीन खाऊन बोटं चाटत बसला.

"काय व, दीपकची माय," ते म्हणाले, "म्हातारपणी हात उघडला तुहा. इतके साल काय लपवून ठेवला होता का?"

"इतके साल काय माती खाल्ली तुम्ही?"

"माती नाही, पण... आता कसं सांगू. आजची येगळीच हाय."

दीपकनंही मागून घेतली. संजीवनी तर गॅसवरची पोळी बाजूला सारून भाकरीकडं वळली. केसरबाईनं आनंदानं शेवटची भाकर स्वतःच्या ताटात घेतली, आणि तिचा घास हातातच राहिला. भाकरीवर चार बोटं उठली होती. चारही पुरी.

तिनं आपला हात पाहिला. थोटं बोट जागच्या जागी थोटंच होतं. पिठाचा भास असेल म्हणून ती गप बसली. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम पाहून पाहून थापली. थापताना थोटंच दिसत होतं, भाजून निघाली की चार. बोटंसुद्धा लांब, निमुळती. कोणा तरण्या बाईची.

मग संजीवनीनं मोबाईलवर सासूचा व्हिडिओ काढला, स्टेटसला ठेवायला. थाप-थाप भाकर होतेय, मागं जाळ, झकास. पण लावून पाहिला तर प्रत्येक थापेबरोबर मनगटातल्या चांदीच्या जड गोटांचा खळ्ळ आवाज.

"आत्याबाई, गोट कधी केले तुम्ही?"

केसरबाईच्या हातात हिरव्या काचेच्या दोन-दोन बांगड्या होत्या. त्या ती गुपचूप पदराखाली घेऊन उठली.

त्यानंतर दुपारी जरा पाठ टेकली की मागच्या अंगणातून थापण्याचा आवाज यायचा. घाईचा नाही, चांगल्या बाईचा असतो तसा, एका लयीत. केसरबाई उठून जायची. अंगणात कोणी नसायचं. काठवट पालथी घातलेली ती सुलटी असायची, आणि लाकडाला हात लावला तर कोमट. चुलीवरचं सारवणही तिनं घातलेलं नसायचं. तिचा हात उजवीकडून फिरे, ही बोटं डावीकडून फिरलेली.

सगळ्यात वाईट होतं ते थापायला बसल्यावर. आधी आधी मनगटावर कोणीतरी हात ठेवल्यासारखं वाटे. पुढं पुढं तिचे हात तिच्याआधीच निघू लागले. एकदा तिनं ठरवलं, की आज भाकर वाकडीतिकडी करायची, आपली जुनी, एका कडेला जाड. तिनं हात थांबवले. हात थांबले नाहीत. ती आपल्याच हातांकडं बघत बसली, आणि ते थापत राहिले. भाकर चंद्रासारखी गोल झाली. धूर नव्हता तरी तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

घरात मात्र आनंदीआनंद. जानेफळहून पाहुणे भाकर खायला येऊ लागले. दीपक त्यांना चूल दाखवायचा आणि सांगायचा, "आमच्या मायच्या हाताची." ते ऐकून केसरबाई आपले हात पदराखाली घ्यायची.

शेवटी ती अन्नपूर्णा बुढीकडं गेली. ही बुढी गावात सगळ्यांत जुनी. नाव अन्नपूर्णा, आणि जन्मात हिच्या भाजीत मीठ कधी बेतानं पडलं नाही. ती जे सांगते त्यातलं अर्धं खरं असतं. कोणतं अर्धं, ते तिलाही ठाऊक नसतं. बुढी ओसरीत वाटाणे सोलत बसली होती.

"लाल माती आणली न व तू?" केसरबाईनं तोंड उघडायच्या आत बुढीनं विचारलं.

"तुले कोणं सांगतलं?"

"चुलीले चीर नाही गेली म्हणे. तथीच समजलं मले. कुठून काढली?"

"बोरीच्या मांगून."

बुढीचा सोलता हात थांबला. "माही आजेसासू सांगे. हिवरीत साथ आली तवा बोरीपाशी एक घर होतं. घरात खाणारे लय. ती बाई सगळ्याइचं करे, गावात तिच्यासारखी भाकर कोणाची नाही. एकेक करून सगळे गेले. ती उरली. शेवटच्या दिवशी तिनं पीठ मळलं, गोळा करून ठेवला, चूल पेटवली, अन् तव्यावर टाकायच्या आंधीच गेली. मळेल पीठ तसंच राह्यलं."

"म्या तिच्यासाठी चुलीपाशी निवद ठेवून पाह्यला. भाकर, वरण, गूळ. मुंगीनंसुदिक तोंड नाही लावलं."

"खाऊन काय करीन ती?" बुढी म्हणाली. "तिले थापायचं हाय. मेलेल्या माणसाले भूक नसते व, हाताले सवय राह्यते."

केसरबाईनं एक शेंग उचलून सोलली. "म्हणजे तिचं खोटं नाही."

"मी कुठी म्हणतो खोटं हाय म्हणून? पण दोघीजणींत हात एकच हाय, अन् तो तुहा हाय. मोडून टाक चूल. माती नेऊन दे तिची तिले."

"इतकी चांगली चूल म्या जन्मात नाही घातली, बुढे."

"तू घातली का तिनं, ते आता तूच पाय," बुढी म्हणाली आणि पुन्हा वाटाणे सोलू लागली.

ते एक वाक्य केसरबाई घरी येईस्तोवर चघळत आली. घरी येऊन तिनं कुदळ उचलली. पहिला घाव पडला तसा दीपक धावत आला.

"माय, काय करून राह्यली? सोन्यासारखी भाकर होऊन राह्यली न आता."

"मांगच्या वक्ती तू फोडली तवा तुले फरशी दिसली. आता भाकर दिसून राह्यली."

"मी चुकलो म्हणतो न. पण हे नको फोडू. उद्या पाहुणे हायेत."

"त्याइले पापड खाऊ घाल गॅसवरचे."

माणिकराव बाजेवरून काकुळतीनं म्हणाले, "निदान आजच्यापुरत्या करून घे व, मंग फोड."

दुसरा घाव घालताना तिचं मनगट कोणीतरी धरलं. गार, चिवट पकड. केसरबाईनं कुदळ खाली ठेवली, चुलीपाशी उकिडवी बसली, आणि घरातल्या कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलली, "चाल. तुही चूल तुह्या घरी घालून देतो. म्या घालतो, फुकटात." पकड सुटली.

माती पोत्यात भरली, पाण्याची कळशी कमरेवर घेतली, आणि ती रिठावर गेली. ऊन तसंच, वारा तसाच कडेला थांबलेला. बोरीमागच्या खड्ड्यात तिनं माती ओतली, भिजवली, आणि चूल घालायला बसली. डावी भिंत उभी करून उजवीकडं वळली, तर उजवी भिंत वीतभर आधीच वर आलेली, ओली, बोटांच्या खुणांसकट. केसरबाई पाय आवरून उठायला गेली. पण चूल अर्धी टाकून उठणं तिच्या हातांना माहीत नव्हतं.

तिनं चुलीचं तोंड मावळतीला केलं. कळशी घ्यायला वळून पुन्हा पाहिलं, तर तोंड उगवतीला. तिनं परत मावळतीला फिरवलं. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा उगवतीला.

"काऊन? धूर अंगावर येईन की तुह्या."

केसरबाईनं चुलीच्या तोंडाशी बसून समोर मावळतीकडं पाहिलं. तिकडं दोन दगड एका ओळीत मातीत रुतले होते. कोणे एके काळचा उंबरठा. तिकडं तोंड करून बसलं तर वावरातून घरी येणारं माणूस लांबूनच दिसलं असतं.

"बरं बाई," ती म्हणाली. "तुहं घर, तू म्हणशीन तसं."

मग दोघी गुमान कामाला लागल्या. ऊन उतरत गेलं. इकडून केसरबाईचा हात फिरे, पलीकडून दुसरा, मधे माती. एकदा दोन्ही हात एकाच उंचवट्यावर आले, आणि कोणताच हात मागं सरला नाही. मग केसरबाईनंच माणुसकी धरून बाजू दिली. चूल उभी राहिली. केसरबाईनं मातीबरोबर आणलेला आपला माहेरचा तवा त्यावर ठेवला, पदरात बांधून आणलेलं ज्वारीचं पीठ एका दगडावर ओतलं, आणि हात झटकून उठली. बोटं मोकळी झाली होती. तिनं मूठ मिटली, उघडली. मिटली तशी मिटली, उघडली तशी उघडली.

घरी तिनं विहिरीच्या गाळाची दुसरी चूल घातली. वाळताना तिला आडवी चीर गेली, तर तिनं ती शेणानं बुजवली. पहिल्या दिवशी ताटं वाढली. माणिकरावांनी घास मोडला, चावला, आणि खूप वेळ चावतच राहिले.

"आज जराशी..." दीपक म्हणाला.

"हाव, जाड हाय एका अंगानं."

"पह्यलेसारखी नाही झाली, आत्याबाई," संजीवनी हळूच म्हणाली.

"नाही झाली," केसरबाई म्हणाली, आणि तिघांच्याही ताटात न विचारता आणखी एकेक टाकली. मग स्वतः जेवायला बसली आणि पोटभर जेवली.

हिवरीच्या रिठावर आताशा भर दुपारी धूर दिसतो. गुराखी शपथ घेऊन सांगतात, जवळ गेलं की थापण्याचा आवाज येतो आणि गोट वाजतात. तिकडून येणाऱ्या बाया पदर नाकाला लावून पावलं उचलतात, एकमेकींचा हात धरतात. परवा हरभऱ्याचे बोजे घेऊन त्या तशाच घाईनं निघाल्या होत्या. केसरबाई त्यांच्यात होती. रिठापाशी येताच बाकीच्या पुढं पळाल्या, आणि ही बोजासकट थांबली.

"चाल न व मावशे," पुढून एकीनं हाक मारली. "काय पाहून राह्यली तथी?"

केसरबाईनं मान वर केली, वारा हुंगला, पुन्हा एकदा हुंगला. वास भाकरीचाच होता, पण त्याला जळकी धार होती.

"करपली एक," ती म्हणाली, आणि बोजा डोक्यावर नीट बसवून सावकाश चालू लागली.